लॅब बदलू का? (प्रीमेड, दुसरं वर्ष संपत आलंय)

आंबेमोहर | १४ एप्रिल २०२५, २३:४२

नमस्कार मंडळी. आई इथली जुनी सभासद, मी आजवर वाचनमात्र. शाळा नाशिकला सातवीपर्यंतच झाली, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मी अमेरिकेत, मिडवेस्टमधल्या एका मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीत आहे. मेजर बायोकेमिस्ट्री, प्रीमेड, म्हणजे पदवीनंतर मेडिकल स्कूलला जायची तयारी. पहिल्या वर्षाच्या स्प्रिंग सेमिस्टरपासून एका न्यूरोसायन्स लॅबमध्ये क्रेडिटसाठी काम करते. उंदरांवर काम चालतं. ताण आणि स्मरणशक्ती असा ढोबळ विषय. पीआय, म्हणजे लॅबचे प्रमुख प्राध्यापक, खूप मोठं नाव आहे आणि लॅबही मोठी आहे, वीसेक माणसं.

मला शिकवायला एक पीएचडीची विद्यार्थिनी होती. मेंदू गोठवून क्रायोस्टॅट यंत्रावर त्याचे पातळ काप काढणं, ते रंगवणं (स्टेनिंग), कॉन्फोकल मायक्रोस्कोपवर बसणं, सगळं तिने हाताला धरून शिकवलं. डिसेंबरात तिचा डिफेन्स (पीएचडीची शेवटची तोंडी परीक्षा) झाला आणि ती बॉस्टनला एका कंपनीत गेली. जानेवारीपासून मी फक्त जीनोटायपिंग करतेय, म्हणजे कुठल्या उंदरात जीन बदललेला आहे ते तपासणं. पिल्लांच्या कानाचा टिकलीएवढा तुकडा घ्यायचा, रात्रभर एन्झाइममध्ये विरघळवायचा, पीसीआर लावायचा (डीएनएच्या प्रती वाढवायच्या), जेल चालवायचं (त्या आकारानुसार वेगळ्या करायच्या), कोण म्यूटंट आणि कोण साधा ते एक्सेलमध्ये भरायचं आणि पोस्टडॉकना (पीएचडी झाल्यावर लॅबमध्ये संशोधन करणारे) मेल करायचा. उत्तर येतं, "थँक्स". त्या उंदरांचं पुढे काय होतं ते मला कळत नाही. मागच्या आठवड्यात विचारलं की हा जीन आपण नेमका कुठल्या पेशींतून काढतोय, तर "नंतर सांगतो" म्हणाले.

दुसरीकडे, आम्हाला डेव्हलपमेंटल बायॉलॉजी शिकवणारे एक नवीन असिस्टंट प्रोफेसर आहेत. झेब्राफिश नावाच्या छोट्या माशाच्या हृदयाचा तुकडा कापला तर तो पुन्हा वाढतो, त्यावर काम करतात. वर्गानंतर मी एक प्रश्न विचारला, तर फळ्यावर अर्धा तास समजावलं, मग लॅब दाखवायला घेऊन गेले. लॅबमध्ये ते स्वतः, एक टेक्निशियन आणि एक पीएचडी करणारा, बस्स. म्हणाले, उन्हाळ्यात ये, तुझा स्वतःचा छोटा प्रोजेक्ट असेल.

आता घोळ असा. ती ताई जाताना म्हणाली होती की तिच्या पेपरमध्ये, म्हणजे शोधनिबंधात, लेखकांत माझं नाव असेल. पेपर अजून लिहून व्हायचाय. मी गेले तर नाव जाईल का? मोठ्या पीआयचं शिफारसपत्र हातचं जाईल का? ॲमकॅसच्या, म्हणजे मेडिकल स्कूलच्या सामायिक, अर्जावर दोन लॅब दिसल्या तर धरसोड वाटेल का? पुढच्या जानेवारीत एमकॅट (मेडिकल स्कूलची प्रवेश परीक्षा) द्यायचा विचार आहे, त्यात नवीन लॅबमध्ये सगळं पुन्हा पहिल्यापासून शिकणं जमेल का? आणि नुसतं एमडी (डॉक्टरकी) की एमडी-पीएचडी (डॉक्टरकी आणि संशोधन दोन्ही), हेही अजून ठरलेलं नाही.

आई म्हणते नावाजलेली लॅब सोडू नकोस. बाबा म्हणतात तुला वाटेल ते कर, आणि मग मला काय वाटायला हवं ते तासभर सांगतात.

---

पाटलांचा_बंड्या | १४ एप्रिल, २३:५८

उंदीर सोडून मासा. हा निर्णय कुठलंही मांजर एका मिनिटात देईल.

जाणकार येतीलच. मी नंबर लावून ठेवतो.

---

निळीशाई | १५ एप्रिल, ०७:१०

ड्यूटीवर निघायच्या आधी घाईत लिहितेय. मी पीडियाट्रिक्सची रेसिडेंट, शिक्षण इथलंच. मेडिकल स्कूलला असताना आमच्याकडे विद्यार्थ्यांनाही मुलाखत घ्यायला बसवायचे, त्यामुळे दुसऱ्या बाजूने बरेच अर्ज वाचलेत.

पहिलं म्हणजे धरसोडीची भीती काढून टाक. तीन महिने इथे, दोन महिने तिथे, असं चार वेळा दिसलं तर कपाळाला आठी पडते. तू तीन सेमिस्टर टिकून आहेस. विषय बदलला, मार्गदर्शक गेली, ही कारणं एका वाक्यात सांगता येतात आणि ऐकणाऱ्याला लगेच पटतात.

दुसरं, ॲमकॅसवर उपक्रमांच्या जागा १५. प्रत्येकीला ७०० कॅरेक्टर्स. त्यातल्या तीन तू सर्वांत महत्त्वाच्या म्हणून निवडायच्या आणि त्यांना आणखी १३२५ कॅरेक्टर्स मिळतात. तर आज रात्री कागद घे आणि तुझ्या जानेवारीपासूनच्या कामावर ते १३२५ लिहून बघ. कशासाठी केलं, काय अडलं, काय कळलं. जेल चालवलं आणि एक्सेल भरलं यापुढे पेन सरकत नसेल तर मुलाखतीतही तुझी जीभ तिथेच अडकणार. मी अशा मुलांसमोर बसलेय. मोठ्या लॅबचं नाव सांगतात, मी विचारते तुमच्या प्रयोगातला कंट्रोल (तुलनेसाठीचा गट) काय होता, आणि मग शांतता.

पत्राचं पण तेच. "वेळेवर येते, काम नीट करते" असं मोठ्या माणसाने लिहिलेलं पत्र म्हणजे हजेरीचा दाखला. तू चुकलीस कशी, मग काय विचार केलास, हे ज्याने पाहिलंय त्याचं पत्र कामाचं.

आणि हो, नुसत्या एमडीसाठी संशोधनाचा एवढा बाऊ करू नकोस. पेशंटजवळ किती वेळ काढलास? त्याबद्दल तू एक ओळही लिहिलेली नाहीस.

---

गोदाकाठ | १५ एप्रिल, ०९:२५

निळीशाई यांच्याशी थोडा असहमत. माझा मुलगा एमडी-पीएचडीच्या चौथ्या वर्षाला आहे. आम्ही त्या सगळ्यातून गेलोय म्हणून लिहितो.

नुसतं एमडी असेल तर त्या म्हणतात ते ठीक. पण एमडी-पीएचडीला दोन निबंध जास्तीचे असतात. एक "का करायचंय", ३००० कॅरेक्टर्सचा. दुसरा संशोधनाच्या अनुभवावर, तब्बल १०,००० कॅरेक्टर्सचा, आणि त्यात प्रत्येक लॅब, प्रत्येक मार्गदर्शक, तुझा वाटा, सगळं मांडावं लागतं. शिवाय जिथे जिथे लक्षणीय काम केलंय तिथल्या पीआयचं पत्र बहुतेक कार्यक्रमांना हवंच असतं. म्हणजे तू गेलीस तरी जुन्या सरांच्या पत्रातून सुटका नाही. ते नसेल तर "का नाही?" हा प्रश्न येणार.

माझं मत, पेपर बाहेर पडेपर्यंत थांब. एक वर्ष कळ काढ. कंटाळवाणं काम सगळ्यांनाच करावं लागतं. माझ्या मुलाने पहिलं वर्ष फक्त माशांच्या टाक्या, आय मीन माश्यांच्या बाटल्या (ड्रॉसोफिला, फळांवर बसतात त्या माश्या) धुतल्या.

---

शून्यमनस्क | १५ एप्रिल, ११:०३

पीएचडी चालू, पाचवं वर्ष. लॅबमध्ये अंडरग्रॅड (पदवीच्या) मुलांना शिकवायचं काम माझ्याच गळ्यात असतं.

गोदाकाठ काका, पेपर बाहेर पडेपर्यंत थांबायचं म्हणजे कधीपर्यंत? लिहून झाल्यावर रिव्ह्यूअर (पेपर तपासणारे तज्ज्ञ) आणखी प्रयोग मागतात, त्यात वर्ष सहज जातं. पोरगी पदवीधर होईल आणि पेपर अजून "रिव्हिजन"मध्येच असेल.

आंबेमोहर, लेखकांत नाव येतं ते केलेल्या कामावर. शेवटच्या दिवशी तू बाकावर बसली होतीस की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही (नसावा तरी). तेव्हा बॉस्टनवालीला आजच मेल टाक. सरळ विचार: कुठल्या आकृतीत माझे काप आहेत, कुठल्या आकृतीतलं मोजणं माझं आहे, ते पूर्ण व्हायला काय राहिलंय. ते राहिलेलं जाण्याआधी पुरं करून दे. मेलवर लेखी ठेव, तोंडी आश्वासनं सेमिस्टरबरोबर संपतात. नोटबुक लॅबचंच असतं, ते किंवा डेटा घरी नेऊ नकोस. पण आपण काय काय केलं त्याची यादी आपल्याकडे असावी.

आता मुख्य. लॅब बदलायच्या आधी लॅबमधला माणूस बदलून मिळतो का ते पाहिलंस का? वीस माणसांच्या लॅबमध्ये तुझी अडचण पीआयमुळे नाही, उंदरांमुळेही नाही. तुला शिकवणारं माणूस गेलं आणि त्या जागी कोणी आलं नाही, एवढंच झालंय. त्या पोस्टडॉकला तुला शिकवायचं कोणी सांगितलेलंच नसेल. त्याच्या लेखी तू जीनोटायपिंगची सोय आहेस. चौथ्या-पाचव्या वर्षाचा एखादा पीएचडीवाला बघ, ज्याला हात हवेत. आमच्या लॅबमध्ये दोन अंडरग्रॅड अशाच टेबल बदलून राहिल्या.

---

कुंदा७२ | १५ एप्रिल, १३:४०

वाचून जीव दडपला. एवढीशी पोर, काय काय सांभाळायचं! आमच्याकडे बारावीला मार्क पडले की प्रश्न मिटायचा. मी तर म्हणते भारतात ये, एमबीबीएस कर, साडेपाच वर्षांत इंटर्नशिपसकट डॉक्टर.

---

मिरजेची_डॉक्टर | १५ एप्रिल, १५:१५

कुंदाताई, प्रश्न मिटत नाही हो, बारावीच्या मुलाच्या डोक्यावर एका दिवसात आदळतो एवढंच. नीट परीक्षेला वीस लाखांच्या वर मुलं बसतात.

मी मिरजेला एमबीबीएस केलं, मग इथे येऊन रेसिडेन्सी. दुसऱ्या वर्षाला असताना आयसीएमआरची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप केली होती, दोन महिन्यांचा प्रोजेक्ट. गाइड निवडायची मुभा होती म्हणे, प्रत्यक्षात जे सर "हो" म्हणाले ते गाइड. विषयही त्यांनीच दिला. तेव्हा दोन लॅबपैकी कोणती, असा प्रश्न पडणं हीसुद्धा चैन आहे हे या मुलीला माहीत असेलच. पण चैन असली तरी प्रश्न खराच आहे, त्यामुळे भारतात ये वगैरे इथे नको.

निळीशाईने विचारलेल्या पेशंटच्या तासांचं उत्तर द्यावं ही विनंती.

---

आंबेमोहर | १५ एप्रिल, २२:३०

बाप रे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. निळीशाईताई, १३२५ लिहायला बसले. चारशेला संपलं. त्यातलं निम्मं त्या ताईबद्दलच होतं.

पेशंट: शनिवारी एका हॉस्पिसमध्ये (आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटची काळजी घेतात तिथे) जाते, वाचून दाखवते, नुसती बसते. गेल्या ऑगस्टपासून. ते मी सोडणार नाही, ते आवडतं.

शून्यमनस्कदादा, मेल केला. तासाभरात उत्तर आलं! तिसऱ्या आकृतीतले सगळे काप माझे आहेत, पण एका गटाच्या पेशी मोजायच्या राहिल्यात. इमेजेस सर्व्हरवर आहेत. ती म्हणाली, तू मोजून दिलंस तर नावाबद्दल मीच पीआयना लिहीन.

टेबल बदलायचं खरंच डोक्यात आलं नव्हतं. पण पीआयशी मी आजवर दोनदाच बोललेय, त्यातलं एकदा लिफ्टमध्ये. त्यांना जाऊन काय सांगू? तक्रार वाटेल ना?

---

सह्यकडा | १६ एप्रिल, ०६:२०

सकाळच्या शांततेत लिहितो. माझी स्वतःची लॅब आहे, दक्षिणेकडच्या एका विद्यापीठात, सातवं वर्ष. तेव्हा टेबलाच्या पलीकडून.

बहुतेक पीआयना हे माहीतच नसतं. पीएचडीवाला गेला की त्याचा प्रोजेक्ट कोणाकडे जाणार, त्याचे उंदीर कोण सांभाळणार, यावर बैठक होते. त्याच्या हाताखालच्या अंडरग्रॅडचं काय, हा मुद्दा त्या कागदावर नसतोच. तू निमूट काम करते आहेस, जेल स्वच्छ येतात, म्हणजे सगळं आलबेल, असा समज. वीस मिनिटांची वेळ माग आणि तक्रार म्हणून जाऊच नकोस. इतकंच बोल: मी अमुक अमुक शिकले, ताई गेल्यावर मला कोणी मार्गदर्शक नाही, मला एका प्रश्नावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत काम करायचंय, ते इथे शक्य आहे का? यात कोणाचं नाव घ्यायची गरज नाही. पोस्टडॉकबद्दल चकार शब्द काढू नकोस.

आमचा हिशेबही सांगतो, राग मानू नकोस. नवीन अंडरग्रॅडला शिकवण्यात पहिलं सेमिस्टर आमच्या खात्यातून जातं. रिएजंट वाया जातात, शिकवणाऱ्याचे तास जातात. दुसऱ्या सेमिस्टरपासून परतफेड सुरू होते. तुझ्यासारखी क्रायोस्टॅट येणारी मुलगी जीनोटायपिंगला बसवणं हा लॅबचाही तोटा आहे. त्यामुळे बोलायला संकोच नको.

आता नवीन लॅबबद्दल, कारण इथे सगळे त्या माशांच्या प्रेमात पडलेत. नव्या असिस्टंट प्रोफेसरकडे जाण्याचा मोठा फायदा म्हणजे तो अजून स्वतः बाकावर काम करतो. पिपेट कसं धरायचं इथपासून डेटा खोटं कसं बोलतो इथपर्यंत तुला थेट त्याच्याकडून शिकायला मिळेल. पत्रही तोच लिहील, आणि प्रत्यक्ष पाहून लिहील. पण त्याची गाडी स्टार्टअपच्या पैशांवर चालते, जे नेमणुकीच्या वेळी विद्यापीठ देतं आणि काही वर्षांत संपतं. तोवर एनआयएचचं (सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचं) अनुदान मिळायला हवं. आणि हे वर्ष कसलं आहे ते पाहताच आहात. जानेवारीपासून अर्ज तपासणाऱ्या समित्यांच्या बैठका रखडल्या, फेब्रुवारीत ओव्हरहेड (अनुदानाबरोबर विद्यापीठाला वरखर्चासाठी मिळणारा वाटा) सरसकट १५ टक्क्यांवर आणायचा फतवा निघाला, तो या महिन्यात कोर्टाने अडवलाय, पण पुढे काय कोणालाच ठाऊक नाही. कित्येक विद्यापीठांनी पीएचडीचे प्रवेश कमी केले. मोठ्या लॅबला चार अनुदानं असतात, एक गेलं तर तीन उरतात. छोट्या लॅबला एकच, तेही "येईल".

म्हणून त्यांना सरळ विचार: २०२७ च्या वसंतापर्यंत मला जागा आहे का? चांगला माणूस असेल तर खरं सांगेल आणि तुला त्याचं कौतुकच वाटेल. शिवाय त्यांच्या पीएचडीवाल्याला एकटीने भेट, कॉफी घ्या. सर आठवड्यातून किती वेळा भेटतात, प्रयोग फसला की कसे वागतात, हे त्याला विचार. लॅब दाखवताना सगळेच गोड असतात.

अजून एक. झेब्राफिश सकाळी दिवे लागले की अंडी घालतात. आदल्या संध्याकाळी नर-मादी वेगळे ठेवायचे, सकाळी मधली पट्टी काढायची, मग अंडी गोळा करायची. सकाळी आठचा फिजिक्सचा तास घेतलास तर मासे तुझ्यासाठी थांबणार नाहीत. फॉलचं रजिस्ट्रेशन आत्ताच चालू असेल ना?

---

पाटलांचा_बंड्या | १६ एप्रिल, ०८:०२

सह्यकडा सरांचा प्रतिसाद प्रिंट काढून लेकाच्या दारावर लावला. तो सीएस करतोय, पण हरकत नाही.

---

हडसनकाठ | १६ एप्रिल, ०९:४५

सगळ्यांनी छान सल्ले दिले, पण मूळ प्रश्न कोणी विचारलाच नाही. आंबेमोहर, तू सातवीनंतर आलीस म्हणजे व्हिसा कोणता? ग्रीन कार्ड झालंय का? खाजगी वाटलं तर उत्तर देऊ नकोस.

---

आंबेमोहर | १६ एप्रिल, १२:१०

खाजगी काही नाही, आमच्या घरात जेवताना याशिवाय दुसरा विषय नसतो. एच-४ (बाबांच्या एच-१बी वर अवलंबून असलेला व्हिसा). बाबांचं ईबी-२ (नोकरीवरून ग्रीन कार्ड) रांगेत आहे. नोव्हेंबरात २१ पूर्ण होतील, त्याआधी एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) करायचंय.

---

हडसनकाठ | १६ एप्रिल, १२:५५

वाटलंच होतं. मग तुझं गणित वेगळं आहे, नीट वाच.

एच-४ वरच्या मुलांना पगारी काम करता येत नाही. उन्हाळ्यात नवे सर तासाप्रमाणे पैसे देतो म्हणाले तर ते घेता येणार नाहीत. आणि जे काम इतरांना पगारावर देतात ते तू फुकट केलंस तर तेही अडचणीचं ठरू शकतं. क्रेडिट घेऊन केलेलं संशोधन हा अभ्यासाचा भाग, तो चालतो. इंटरनॅशनल ऑफिसला लेखी विचारून घे, इथल्या काका-मावश्यांवर विसंबू नकोस, माझ्यावरही. एफ-१ झाल्यावर कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. एनएसएफ या सरकारी विज्ञान संस्थेचे उन्हाळी आरईयू कार्यक्रम (पदवीच्या मुलांसाठी संशोधनाचे) नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच खुले असतात, त्यामुळे तो दरवाजा धरू नकोस.

आता मेडिकल स्कूल. दरवर्षी पन्नास हजारांच्या वर अर्जदार आणि प्रवेश तेवीस हजारांच्या आसपास, हे झालं सगळ्यांचं. त्यात बहुतेक सरकारी कॉलेजं परदेशी विद्यार्थी घेत नाहीत. घेणाऱ्यांत खाजगी, संशोधनाला वजन देणाऱ्या विद्यापीठांचा भरणा आहे. काही ठिकाणी फी आगाऊ बाजूला ठेवून दाखवावी लागते. एमडी-पीएचडीच्या एमएसटीपी जागांना एनआयएचचा पैसा असतो, तो नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी. काही विद्यापीठं परदेशी मुलांना स्वतःच्या खिशातून घेतात, पण मोजकी.

त्यामुळे निळीशाईंचं "संशोधनाचा बाऊ नको" हे अमेरिकन मुलाला लागू. तू ज्या दारांवर जाणार आहेस तिथे संशोधन बघतात.

---

गोदाकाठ | १६ एप्रिल, १३:२०

म्हणजे माझंच म्हणणं खरं ठरलं. मोठी लॅब, पेपर, थांब.

---

निळीशाई | १६ एप्रिल, २१:४८

हडसनकाठ, मुद्दा मान्य, व्हिसाचं माहीत नव्हतं. पण गोदाकाठ, त्यावरून तुमचा निष्कर्ष निघत नाही. संशोधन बघतात म्हणजे लॅबच्या पाटीवरचं नाव बघत नाहीत. संशोधनाला मान देणाऱ्या कॉलेजात मुलाखत घेणारा बहुधा स्वतः संशोधक असतो, तो खोलात शिरतो. तिथे जीनोटायपिंगवर एक वर्ष आणखी काढलेली मुलगी आणखी अडकेल. पेपरचं म्हणाल तर तिसऱ्या आकृतीचं ती पुरं करतेच आहे.

आंबेमोहर, आणखी एक. पुढच्या वर्षी मे-जूनमध्येच अर्ज करायचा हे कुठे लिहिलंय? २०२६ ला केलास तर २०२७ ला प्रवेश. आता निम्म्याहून जास्त मुलं मध्ये एखादं वर्ष घेतात. तसं केलंस तर नव्या लॅबमध्ये एकाऐवजी दोन वर्षं मिळतील. तुझ्या बाबतीत मधलं वर्ष म्हणजे एफ-१ वरचं ओपीटी (पदवीनंतर काही काळ काम करायची मुभा), त्याचं गणित हडसनकाठ सांगतील.

---

हडसनकाठ | १६ एप्रिल, २२:१५

पदवीनंतर १२ महिने, स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताचं) मेजर असेल तर पुढे आणखी २४ मिळू शकतात. बायोकेमिस्ट्री बसते त्यात. लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून राहता येतं. खरं तर ही वाट तुझ्यासाठी चांगली आहे.

---

कुंदा७२ | १६ एप्रिल, २२:४०

मला अर्धं कळलं नाही, पण पोर हॉस्पिसमध्ये जाऊन म्हाताऱ्यांजवळ बसते हे फार आवडलं. कुठेही जा बाळा, जेवत जा वेळेवर.

---

शून्यमनस्क | १७ एप्रिल, ००:३०

सह्यकडा सरांनी पीएचडीवाल्याला भेटायला सांगितलंय ते गाळू नकोस. छोट्या लॅबमध्ये पीआय चांगला असला तर स्वर्ग, आणि नसला तर लपायला कोपरा नाही. मोठ्या लॅबमध्ये निदान अठरा दुसरी माणसं असतात.

---

आंबेमोहर | २५ एप्रिल, २३:१५

उशिरा आले, मिडटर्म होत्या. काय काय झालं ते सांगते.

पीआयना मेल केला, त्यांच्या सेक्रेटरीने पंधरा मिनिटं दिली. सह्यकडा सरांनी सांगितलं तसंच बोलले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तू सध्या कोणाबरोबर काम करतेस?" मी म्हटलं, कोणाबरोबरच नाही. ते थोडा वेळ गप्प बसले. मग चांगलं बोलले, म्हणजे अगदी खरंच चांगलं. म्हणाले ऑगस्टमध्ये एक नवीन पीएचडी विद्यार्थी येणारेय, त्याच्याबरोबर तुला लावतो. मी विचारलं, आत्ता असलेल्यांपैकी कोणी? तर म्हणाले सगळे भरलेत. नवा मुलगा रोटेशनवर (लॅब पक्की करण्याआधीच्या चाचपणीसाठी) येणार, तो या लॅबमध्ये राहील की नाही हेही नक्की नाही, हे मला नंतर लॅब मॅनेजरकडून कळलं.

मग झेब्राफिशवाल्या पीएचडीला भेटले. तो म्हणाला सर दर मंगळवारी एक-एकाला तासभर भेटतात, आणि स्वभाव थोडा घाईचा आहे, मेल रात्री एकला येतात, पण उत्तराची अपेक्षा सकाळीच असते असं नाही. प्रयोग फसला की आधी आपण काय केलं ते क्रमाने सांगायला लावतात. त्याने त्याचं नोटबुक दाखवलं. फसलेल्या प्रयोगाच्या पानावर सरांच्या अक्षरात दोन प्रश्न लिहिलेले होते. ते पान पाहून माझं जवळजवळ ठरलं.

सरांना पैशांचं विचारलं. अजिबात आढेवेढे न घेता म्हणाले, स्टार्टअप २०२७ च्या उन्हाळ्यापर्यंत पुरेल, अनुदानाचा अर्ज गेलाय, कधी उत्तर येईल माहीत नाही, त्यापुढचं वचन देत नाही.

तर जातेय. पेशी मोजून १० मेपर्यंत ताईला पाठवायच्या. जीनोटायपिंगचा प्रोटोकॉल लिहून काढतेय, कुठल्या प्रायमरचं जेल धूसर येतं, तेव्हा काय करायचं, सगळं. एका नवीन अंडरग्रॅडला शिकवतेय. पीआयना सांगितलं तेव्हा त्यांनीच म्हटलं, पत्र लागेल तेव्हा माग, मात्र तुझ्या ताईकडून मला टिपण पाठव. गोदाकाठ काका, तुम्ही पत्राचं लिहिलं नसतं तर मी नुसता मेल टाकून निघाले असते.

उन्हाळ्यात एक क्रेडिट नोंदवून जाणार, इंटरनॅशनल ऑफिसने लेखी हो म्हटलंय. एका क्रेडिटची फी ऐकून बाबा गप्प झाले, मग म्हणाले ठीक आहे. एमकॅट जानेवारीतून पुढे ढकलला, अर्ज २०२७ ला करेन बहुतेक. आईला ते मधलं वर्ष अजून पटलेलं नाही. ती हा धागा वाचतेय हे मला माहीत आहे.

---

आंबेमोहरची_आई | २६ एप्रिल, ०७:०५

वाचतेय. मला मधल्या वर्षाचं काही नाही, मला ओपीटीत व्हिसाचे नियम बदलले तर काय याची काळजी आहे. त्यावर कोणी बोललेलं नाही.

---

हडसनकाठ | २६ एप्रिल, ०८:३०

वहिनी, काळजी रास्त आहे आणि त्यावर कोणी हमी देऊ शकत नाही. एवढं करा: एमकॅट फार लांबवू नका, २०२६ च्या उन्हाळ्याच्या आत होऊ द्या. म्हणजे नियम बदलायची चिन्हं दिसली तर त्याच वर्षी अर्ज टाकायची सोय राहील, नाही दिसली तर ठरल्याप्रमाणे. बहुतेक कॉलेजं दोन-तीन वर्षांपर्यंतचा एमकॅट धरतात.

---

गोदाकाठ | २६ एप्रिल, ०९:१०

माझं मत अजूनही थांबायचं होतं. पण ज्या पद्धतीने निघतेय ती पद्धत चोख आहे. शुभेच्छा.

---

सह्यकडा | २६ एप्रिल, ०९:५०

प्राण्यांवरच्या कामाचं उंदरांचं प्रशिक्षण माशांना चालत नाही, वेगळं मॉड्यूल असतं. ते ऑनलाइन आहे, फायनल्स संपल्या की लगेच कर आणि सरांच्या प्रोटोकॉलवर (प्राण्यांवरच्या कामाच्या मंजुरीच्या कागदावर) तुझं नाव चढवायला सांग. त्याला कधीकधी आठवडे लागतात, आणि नाव चढेपर्यंत तुला माशांना हात लावता येणार नाही. आणि फिजिक्सचं काय केलंस?

---

आंबेमोहर | २६ एप्रिल, १३:२२

दुपारी दोनचा सेक्शन मिळाला, वेटलिस्टवर चौथी होते, काल रात्री जागा झाली. मॉड्यूलचं सरांना आत्ताच मेल करते.